बाई लांब का गेल्या

"बाई, दम धरा जरा. हेडफोन नका घालू इतक्यात."

आवाज मिक्सरच्या मागून आला. माणूस दिसत नव्हता. टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून दोन पावलं तेवढी बाहेर आली होती, आणि त्यातल्या एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. बाईंनी दारातूनच ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"काही हरवलंय का कानपिळे?"

"हरवलं नाही, सापडत नाहीये."

"त्यात फरक काय?"

"हरवलं की माणूस शोधायचं सोडतो," आतून उत्तर आलं, आणि पाठोपाठ डोकं टेबलाला आपटल्याचा आवाज.

बाई हसत हसत काचेपलीकडच्या आपल्या छोट्या खोलीत गेल्या, चष्मा पुसला, पुस्तकातली खूण काढली आणि वाट पाहत बसल्या. ग्रंथालयाच्या तळघरातल्या या दोन खोल्या. एकीत वाचणारा बसायचा, दुसरीत मिक्सरवर ध्वनिमुद्रण करणारा, आणि मध्ये जाड काच. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशांसाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून घेतली जात, आणि वरच्या मजल्यावरून ती घरोघरी ऐकायला जात.

कानपिळे हे त्यांचं आडनाव नव्हे. तरुणपणी ते गाण्यांच्या स्टुडिओत होते. दिवसभर मिक्सरच्या बटणांचे कान पिळत बसतो म्हणून तिथल्या वादकांनी त्यांना कानपिळ्या म्हणायला सुरुवात केली. वय वाढलं तसा मान वाढला आणि कानपिळ्याचे कानपिळे झाले. स्टुडिओ बंद पडून ते इथे आले, तेव्हा नाव त्यांच्या आधीच येऊन बसलं होतं. "कानपिळे म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" असं ग्रंथालयाच्या चिटणिसांनी एकदा मोठ्या उत्सुकतेने विचारलं. आता सांगत कोण बसणार, म्हणून त्यांनी एका गावाचं नाव ठोकून दिलं. तिथले देशमुख चिटणिसांच्या ओळखीचे निघाले, आणि कानपिळ्यांना तो विषय बदलता बदलता नाकी नऊ आले.

आज घोडं अडलं होतं ते एका सॉकेटपाशी. मिक्सरशेजारी एक काळी, चपटी पेटी ठेवलेली होती. आवाज तिच्यात पाठवला की ती त्याला घुमवून परत पाठवायची. परत येणारी वायर मिक्सरच्या ज्या सॉकेटमध्ये जायची, ते सकाळपासून खरखर करत होतं. फुंकून झालं, पुसून झालं, वायर बदलून झाली. शेवटी कानपिळ्यांनी ती वायर तिथून काढली आणि मिक्सरवर एकेका आवाजासाठी बटणांची जी एकेक पट्टी असते, त्यांतल्या अगदी टोकाच्या रिकाम्या पट्टीत खुपसली. ती पट्टी मागे एकदा वापरली होती, संवादांचं एक पुस्तक दोघांना समोरासमोर बसवून वाचून घेतलं तेव्हा. तिच्यावरची बाकीची बटणं कुठे वळलेली आहेत ते बघायला हवं होतं. पण बाई ताटकळल्या होत्या, आणि बाईंना ताटकळत ठेवलं की कानपिळ्यांना काही सुचत नसे.

बोलत्या पुस्तकाला असली घुमवणारी पेटी लागतेच कशाला, असं कुणी विचारलं असतं तर कानपिळ्यांची पंचाईत झाली असती. कारण लागत नाहीच. तिथे कोरडा आवाज लागतो. कोरडा म्हणजे रागाचा नव्हे. ज्याच्यात भिंतींचा, छताचा, कसलाच ओलावा मिसळलेला नाही असा. आवाज ओला करायचा तो गाण्यात. गाणारा कपाटाएवढ्या खोलीत उभा असतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो दरीच्या काठावर उभा आहे, ती करामत त्या पेटीची.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने ती कानपिळ्यांना देऊन टाकली होती. जुन्या चादरीत गुंडाळून ती त्यांच्या खाटेखाली पडून होती. ती बाहेर निघाली ते चिटणिसांमुळे.

"कानपिळे, बाईंचं काय करायचं?" चिटणीस एक दिवस दार लावून घेत म्हणाले होते. "ऐकणाऱ्यांकडून यायला लागलंय कानावर. आवाज फाटतो म्हणतात. वाक्य संपता संपता ऐकूच येत नाही."

"माइक जुना झालाय साहेब."

"वय माइकचं झालंय की बाईंचं?"

"माइकचं."

"बघा बुवा. मला स्वतःला बाईंबद्दल आदरच आहे. पण पुढच्या पुस्तकातही हेच राहिलं तर त्यांना आराम देऊ."

आराम देणं म्हणजे काय ते कानपिळ्यांना पुरतं ठाऊक होतं. स्टुडिओनेही त्यांना असाच आराम दिला होता, आणि तेव्हापासून त्यांना धड झोप लागलेली नव्हती. शिवाय बाईंचं बोलणं त्यांच्या डोक्यात होतं. बाईंचा मुलगा दुसऱ्या शहरात होता आणि आई, आता इकडे या, म्हणून त्याने कधीचा धोशा लावला होता. "मी त्याला सांगते, माझं वाचन आहे ना इथे," बाई म्हणायच्या. "वाचन सुटलं की मग काय, बॅग भरायला मोकळी."

त्या संध्याकाळी कानपिळ्यांनी खाटेखालून गाठोडं ओढलं. वहिनी दारातून बघत होत्या. कानपिळे भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायचे. लग्न करायचं राहून गेलं होतं, का ते आता कुणी विचारतही नव्हतं. घरातल्यांना एवढंच माहीत होतं की भावोजी मिक्सरवर काम करतात. त्यामुळे स्वयंपाकघरातला मिक्सर बिघडला की वहिनी हक्काने त्यांच्याकडे आणून ठेवायच्या, आणि तो दुरुस्त झाला नाही की मनातून त्यांच्या नोकरीबद्दलच शंका घ्यायच्या.

"हे काय भावोजी, भंगार कुठे निघालं?"

"ऑफिसात न्यायचंय वहिनी."

"बरं झालं बाई, झाडायला जागा झाली," वहिनी म्हणाल्या, आणि बोलणं संपलं. घरात माणसं भरपूर होती, वाईट एकही नव्हतं. पण "जेवलात का" आणि "हो" याच्या पुढे दिवसच्या दिवस काही जायचं नाही. कानपिळे ताटावर बसून सगळ्यांचं ऐकायचे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. त्यांचं जे काही बोलणं व्हायचं ते दुपारी, तळघरात, दोन प्रकरणांच्या मध्ये. बाई पाणी प्यायला थांबायच्या आणि विचारायच्या, "काय हो, या नवऱ्याचं चुकलंच की नाही?" मग पुस्तकातल्या नवऱ्यावर दोघांचा चांगला वाद रंगायचा. बाईंबरोबरच्या या दुपारी संपल्या असत्या तर कानपिळ्यांकडे दुसरं काही उरणार नव्हतं. ते त्यांना स्पष्ट दिसत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

म्हणून त्यांनी पेटी जोडली. बाईंच्या आवाजाच्या पट्टीवर एक बटण होतं, ते थोडं फिरवलं की आवाजाचा एक फाटा वायरीतून पेटीकडे जायचा. पेटीतून तो घुमून परत आला की मूळ आवाजात मिसळायचा, डोळ्यांत काजळ घालावं इतका. वाक्याच्या शेवटी बाईंचा श्वास संपायचा तिथे तो हळूच खालून आधार द्यायचा. तडा गेलेला शब्द सांधला जायचा. बाईंच्या हेडफोनमध्ये मात्र त्यांनी त्यातलं काही जाऊ दिलं नाही. हेडफोनचा फाटा वेगळा होता, तिथे बाईंना त्यांचा कोरडाच आवाज ऐकू यायचा. रोज आरशात बघणाऱ्याला आपले पिकणारे केस जाणवत नाहीत, तसं बाईंना त्यात काही जाणवायचं नाही. आणि झालेलं मुद्रण त्या कधीच ऐकायच्या नाहीत. "स्वतःचं ऐकून कुणाचं भलं झालंय?" असं म्हणायच्या.

"माइक बदललात वाटतं!" पुढचं पुस्तक ऐकून चिटणीस म्हणाले. "बाई एकदम तरुण झाल्या की."

बाईंनाही ते कळलं. "कोमट पाण्यात मीठ," त्यांनी कानपिळ्यांना गुपित सांगितलं. "रोज सकाळी उठल्या उठल्या गुळण्या करते. तुम्हाला काय वाटतं, फरक आहे ना?"

"आहे," कानपिळे म्हणाले आणि बटणांकडे वळले.

दोन पुस्तकं अशीच पार पडली. तिसरं अर्ध्यावर आलं होतं. आणि आजच सकाळी, सॉकेट खरखरायच्या आधी, वरच्या मजल्यावर काका भेटले होते.

काका म्हणजे ग्रंथालयाचे जुने ऐकणारे. हातातली काठी टेकत, पायऱ्या न चुकता यायचे, ऐकलेलं पुस्तक परत करायचे, दुसरं न्यायचे. आज त्यांनी खिडकीपाशी चौकशी केली.

"साउंडवाले आहेत का?"

"आहे की. बोला काका."

"बाईंनी खोली बदलली का हो?"

"नाही. का?"

"मग बाई लांब का गेल्या?"

काका खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून शांतपणे सांगू लागले.

"पूर्वी कसं, बाई माझ्या खाटेशेजारी खुर्ची टाकून बसायच्या. इतक्या जवळ की पान उलटलं तर वारा लागावा. आता कुठल्यातरी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहून वाचतात. आवाज छान झालाय, तक्रार नाही माझी. पण खाटेजवळून उठून गेल्या त्या. घरात दुसरं कुणी नाही ना हो, म्हणून विचारलं."

"मशीनचा काहीतरी घोळ असेल," कानपिळे पुटपुटले. "बघतो मी."

"बघा बरं. आणि बाईंना सांगू नका, उगीच वाईट वाटेल त्यांना."

पेटीमुळे आवाज थोडा मागे सरकतो, हे काय कानपिळ्यांना ठाऊक नव्हतं? पोटापाण्यासाठी त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. पण तो सरकून कुणाच्या खाटेजवळून उठून जातो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते तळघरात आले ते चुकल्यासारखे. पेटी काढावी तर चिटणीस बसलेत. ठेवावी तर काका. आणि अशात ते सॉकेट खरखरायला लागलं.

"झालं बाई," कानपिळे अखेर टेबलामागून निघाले, गुडघे झटकले आणि आपल्या खुर्चीत बसले. समोरचं बोलायचं बटण दाबून म्हणाले, "घाला हेडफोन. करा सुरू."

लाल दिवा लागला. बाईंनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "त्या वर्षी विहिरीला पाणी होतं, पण घरात बोलायला विषय उरला नव्हता. थोरली दार लावून बसे..." आणि त्या थांबल्या. मान वळवून त्यांनी मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

"कानपिळे, माझ्या मागे कोण वाचतंय?"

कानपिळ्यांची नजर टोकाच्या पट्टीवर गेली. त्या पट्टीवरचं हेडफोनचं बटण निम्म्याच्या वर वळलेलं होतं. दोन वाचकांना एकमेकांचं ऐकू यावं म्हणून मागे वळवलेलं, ते तसंच राहिलं होतं. पेटीतून घुमून येणारा सगळा आवाज बाईंच्या कानात जात होता. त्यांनी ते घाईघाईने बंद केलं.

"आता बघा."

"आता नाहीये. मघाशी होतं."

"वायर हलली होती बाई."

"वायर हलली की आवाज जातो कानपिळे. जास्तीचा येत नाही. इतकी वर्षं बसतेय इथे." बाईंनी हेडफोन काढून हातात धरला होता आणि त्या काचेतून त्यांच्याकडे बघत होत्या. "माझाच होता तो. पण चांगला होता. रोज तिकडे असाच ऐकू येतो का?"

बोलायचं बटण दाबून धरल्याशिवाय काचेपलीकडे काही पोचत नसे. कानपिळ्यांनी ते न दाबताच सांगून टाकलं, "पेटी लावलीय बाई, तुमच्या आवाजाला." बाईंना नुसते ओठ हललेले दिसले. त्या उठल्या, दार उघडून वळसा घालून आल्या आणि मिक्सरसमोर उभ्या राहिल्या. या बाजूला त्या आजवर कधी आल्या नव्हत्या. इथे दुसरी खुर्चीही नव्हती. कानपिळ्यांनी वायरींचं भेंडोळं उचलून एक स्टूल रिकामं केलं.

"काय म्हणालात?"

"पेटी लावलीय." त्यांनी बोट दाखवलं. "इथून आवाज जातो, घुमून इथून परत येतो. मग त्याच्यातला थोडा मिसळायचा. गाणेवाले म्हणायचे, आवाज माहेरी पाठवला. चार दिवसांनी आला की अंग धरून येतो."

बाईंना हसू आलं नाही. "कधीपासून?"

"हे तिसरं पुस्तक."

"तिसरं," बाई म्हणाल्या. मग एकदम काहीतरी आठवून, "आणि माझ्या गुळण्या?"

कानपिळे स्टुलावरून उचललेल्या वायरी गुंडाळू लागले.

"म्हणजे रोज सकाळी मी मूर्खासारखी मीठ घेऊन..."

"गुळण्या वाईट नसतात बाई."

"गप्प बसा." बाई स्टुलावर टेकल्या. "त्या पेटीशिवाय कसा येतो ते ऐकवा मला."

ते करणं अवघड नव्हतं. कोरडा आवाज वेगळा आणि घुमलेला वेगळा मुद्रित करायचा, ही कानपिळ्यांची स्टुडिओतली सवय होती. त्यांनी कालचं प्रकरण लावलं आणि पेटीच्या आवाजाची दांडी पार खाली ओढली.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. आवाज जवळून येत होता आणि तो म्हाताऱ्या बाईचा होता. लांब वाक्यात मधेच श्वास शोधावा लागत होता. जोडाक्षरं कडेने झिजली होती. "आठवण" हा शब्द तर मधोमध चिरला. कानपिळ्यांना त्या आवाजातली भेग न् भेग पाठ होती. बाई ती पहिल्यांदा ऐकत होत्या. प्रकरण संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"ही मी."

"हो."

"सूनबाई म्हणाली होती, आई, फोनवर तुमचा आवाज थरथरतो. मी तिलाच म्हटलं, तुझा फोन बदल. म्हटलं आमचे कानपिळे आहेत, त्यांच्या कानातून काही सुटत नाही, ते म्हणतात आवाज उत्तम आहे." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण गाल लाल झाले होते. "माझ्याशी सगळे गोडच बोलतात हो. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. तुम्ही एक तरी खरं सांगाल, असं मी धरून चालले होते."

"चिटणीस तुम्हाला आराम देणार होते."

"मग द्यायचा होता."

"मग तुम्ही मुलाकडे गेला असता."

"गेले असते. त्यात काय?"

"त्यात मी आहे ना," कानपिळे म्हणाले. बोलायचं बटण, काच, मध्ये काहीच नव्हतं. त्यांना ते फार उघडं उघडं वाटलं, पण आता तोंडातून निघालं होतं. "मला दुपारचं दुसरं कुणी नाही बाई. संध्याकाळचंही नाही. तुम्ही गेलात की मी इथे नुसता बसणार. म्हणून केलं. तुमच्यासाठी केलं म्हटलं तर ते खोटं होईल."

आपल्या चिडलेल्या चेहऱ्याचं नक्की काय करावं ते बाईंना कळेनासं झालं होतं.

"अहो, मग तसं म्हणायचं ना," त्या शेवटी म्हणाल्या. "वाचून झाल्यावर चहाला थांबले असते रोज. मी तरी घरी जाऊन काय करत होते? भिंतीशी बोलत होते. त्यासाठी माझ्या आवाजाला पावडर फासायची काय गरज होती?"

लपवायचं आता काही उरलं नव्हतं, म्हणून कानपिळ्यांनी काकांचंही सांगितलं. सांगू नका म्हणाले होते, तरी सांगितलं. खाट, खुर्ची, पान उलटल्याचा वारा, आणि बाई लांब का गेल्या ते.

बाईंनी चष्मा काढला. मघापासून न आलेलं पाणी आता त्यांच्या डोळ्यांत आलं.

"उठून गेल्या म्हणाले?"

"हो."

"घरात कुणी नाही त्यांच्या?"

"नाही."

"कानपिळे, बाकीचं एक वेळ चाललं असतं हो. हे नव्हतं चालणार." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "या पुस्तकातलं सगळं कोरडं करा. पहिल्या पानापासून. आणि चिटणिसांना तेच ऐकवा."

"ते थांबवतील."

"थांबवू देत. पण अर्ध्या पुस्तकातून उठणार नाही म्हणावं मी. तेवढं माझ्या वतीने सांगा. नीट सांगा, पुटपुटू नका."

त्या परत आपल्या खोलीत गेल्या. कानपिळ्यांनी पेटीकडे जाणारी वायर उपटली, पेटीकडून येणारी उपटली, दोन्ही गुंडाळून खणात टाकल्या. "थोरली दार लावून बसे," बाईंनी तिथूनच पुढे वाचायला घेतलं.

चिटणीस काही वाईट मनाचे नव्हते. कोरडी प्रकरणं त्यांनी ऐकली, कानपिळ्यांचं म्हणणंही ऐकून घेतलं, आणि खुर्चीत मागे रेलून सुस्कारा सोडला. "तरी मला कुठेतरी पाणी मुरत असल्यासारखं वाटतच होतं," असं ते म्हणाले, पण ते खरं नसावं. पुस्तक पूर्ण होऊ द्यायचं ठरलं. त्यानंतर बाईंना आराम. नवीन वाचणारी बघून ठेवलीच होती, चांगला स्वच्छ आवाज होता तिचा.

मग उरलेल्या दुपारी बाई चहाला थांबू लागल्या. दुसरं स्टूल आता वायरींसाठी नव्हतं. त्यांनी कानपिळ्यांना भावाबद्दल विचारलं, लग्न का राहिलं ते विचारलं, मोज्याला भोक आहे हेही एकदा सांगून टाकलं. कानपिळ्यांनी स्टुडिओतल्या गोष्टी सांगितल्या, वहिनींच्या मिक्सरची सांगितली. बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. इतकं आपल्याजवळ सांगण्यासारखं होतं, याचं कानपिळ्यांना नवल वाटायचं. बाईंनी मुलाला येतेय म्हणून कळवलं होतं. त्याबद्दल दोघंही फारसं बोलत नसत.

काका एकदा येऊन गेले. कानपिळ्यांनी आधीच पोचवलेली पहिली काही कोरडी प्रकरणं त्यांनी ऐकली होती.

"आल्या बाई," ते म्हणाले. "थकल्यात हो फार."

"हो."

"पाणी द्यावंसं वाटतं मधेच. मी रोज थोडंच ऐकतो. संपेल म्हणून."

बाईही सावकाश वाचत होत्या. तरी पुस्तक ते पुस्तकच; एका दुपारी शेवटचं पान आलं. बाईंनी ते वाचलं, शेवटचं वाक्य चिरलं तसं चिरू दिलं, आणि पुस्तक मिटलं.

यानंतर एक काम उरायचं. शांतता घ्यायचं. कुठे खोकला, कुठे खुर्ची करकरल्याचा आवाज कापून टाकला की मुद्रणात भोक पडतं, आणि त्या भोकाला ठिगळ लावायला त्याच खोलीची शांतता लागते. ती रिकाम्या खोलीची घेऊन भागत नाही. वाचणारं माणूस आत बसलेलं असावं लागतं. माणूस असलेल्या खोलीची शांतता निराळी असते, ती ऐकणाऱ्याला कळते. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी बाई न हलता, न बोलता बसून राहायच्या आणि कानपिळे ती शांतता मुद्रित करायचे. पुरेशी झाली की ते सांगायचे, "झालं बाई."

"शांतता घेऊ?" त्यांनी विचारलं.

"घ्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवले आणि डोळे मिटले. मिक्सरवरचा काटा जवळजवळ तळाशी होता, बाईंच्या श्वासासरशी तेवढा हलत होता. पुस्तकाला लागते तेवढी शांतता झाली. मग त्याहून जास्त झाली. कानपिळ्यांनी काही सांगितलं नाही.

थोड्या वेळाने बाईंनी डोळे उघडले. या कामाला एरवी किती वेळ लागतो ते त्यांनाही माहीत होतं. त्यांनी काचेतून कानपिळ्यांकडे पाहिलं. ते खाली मान घालून, कान देऊन ऐकत होते. बाईंनी झालं का म्हणून विचारलं नाही. त्यांनी आवाज न करता डोळे पुन्हा मिटले आणि तशाच बसून राहिल्या.